गुरुवारचा अंक आता निघणार नाही



पोस्ट लांब आहे. घाईत असणाऱ्यांसाठी आधी दोन ओळीत सांगून टाकतो. आपलं साप्ताहिक मी बंद करतोय. गुरुवार, २९ जानेवारीचा अंक शेवटचा. यूट्यूब चॅनेल आणि हे पेज ३१ मार्चपर्यंत राहील, मग तेही बंद. ज्यांची वर्गणी शिल्लक आहे त्यांना पैसे परत मिळतील, त्याचं शेवटी लिहिलंय.

आता कारण. गावात माझ्याआधी बातमी पोचलीच आहे आणि तीन-चार कारणं फिरतायत. कुणी म्हणतं आजारी आहे. कुणी म्हणतं कुणीतरी दम दिला. स्टँडवरच्या टपरीवर तर परवा असंही ऐकलं की मी एका पक्षात चाललोय आणि जिल्हा परिषदेची तयारी करतोय. तब्येत बरी आहे, साखर जरा वाढलीय एवढंच. दम आजवर पुष्कळांनी दिला, त्यामुळे बंद करायचं असतं तर २०१४ लाच केलं असतं. आणि तिकिटाचं म्हणाल तर मला कोण तिकीट देणार?

खरं कारण जरा अडचणीचं आहे. ते माझ्याबद्दलच आहे, म्हणून लिहायला महिनाभर टाळाटाळ केली.

२०११ च्या ऑगस्टमध्ये पहिला अंक काढला तेव्हा मी ३३ वर्षांचा होतो. एका मोठ्या दैनिकाचा तालुका प्रतिनिधी म्हणून आठ वर्षं काढली होती. तालुका प्रतिनिधी म्हणजे काय हे बाहेरच्यांना माहीत नसतं. बातमीचे पैसे नावापुरते, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर, आणि २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, दिवाळीला टार्गेट. ज्याच्याविरुद्ध सकाळी बातमी लिहायची त्याच्याच दारात दुपारी पुरवणीची जाहिरात मागायला जायचं. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना सरांनी संपादकीय विभाग आणि जाहिरात विभाग यांच्यात भिंत असते असं शिकवलं होतं. आमच्याकडे भिंत बांधायला दोन खोल्याच नव्हत्या. म्हटलं, आपलं स्वतःचं काढू, मग ही लाचारी नको.

गंमत बघा. स्वतःचं काढलं आणि तीच भिंत पुन्हा माझ्याच डोक्यात बांधायची वेळ आली.

चार पानांचं टॅब्लॉइड. सोमवार-मंगळवार बातम्या, मंगळवारी रात्री पानं लावायची, बुधवारी जिल्ह्याला जाऊन ऑफसेटवर छापून आणायचं, रात्री घरात सगळ्यांनी बसून घड्या घालायच्या, पत्ते चिकटवायचे आणि गुरुवारी सकाळी टपालात. ज्या घरात अंक येतो त्या घरातल्या पत्त्याच्या पट्टीवरचं अक्षर आमच्या सौभाग्यवतींचं आहे. माझं नाव संपादक, मुद्रक, प्रकाशक म्हणून शेवटच्या पानावर तळाला छापलं जातं. तिचं कुठेच नाही. पण तिचा शाळेचा पगार नसता तर हे साप्ताहिक सातशे अंक सोडा, सत्तर अंकसुद्धा चाललं नसतं. आज पहिल्यांदा हे जाहीर लिहितोय, आणि हे लिहायला साडेचौदा वर्षं लागली याची लाजही वाटते.

पैसे कुठून यायचे? वर्गणीतून कागदाचा खर्चही निघत नाही. वकील मंडळींच्या 'जाहीर नोटीस', निधन वार्ता, दहाव्याचे कार्यक्रम, दुकानांची उद्घाटनं आणि वाढदिवस. मंडळी, तालुक्याची पत्रकारिता वाढदिवसांवर चालते. ज्या नेत्याचा वाढदिवस मार्चमध्ये येतो तो आमचा अन्नदाता, कारण मार्चमध्ये बाकी कुणी जाहिरात देत नाही. तुम्ही हसता, आम्हीही हसतो. पण शुभेच्छुकांच्या फोटोंची पट्टी ज्या पानावर असते त्या पानाचं छापायचं बिल तेच फोटो भरत असतात.

नंतर मोबाईल आला. २०१७-१८ पासून यूट्यूब. लोक म्हणाले, आता काय, छपाईचा खर्चच नाही. एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षाला चार हजार तास बघणं झालं की जाहिरातीचे पैसे सुरू होतात, तेही झाले. पण तिथे एक वेगळीच गोष्ट कळली. पाणीपुरवठ्याच्या ठरावावर तीन दिवस घालवून केलेला व्हिडिओ चारशे लोक बघायचे. बैलपोळ्याला दोन गटांत झालेल्या बाचाबाचीचा मोबाईलवर काढलेला दीड मिनिटाचा व्हिडिओ नव्वद हजारांनी बघितला. त्या महिन्यात पैसे बरे आले. पुढच्या महिन्यात मी नकळत बाचाबाची शोधायला लागलो. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी सांगावं लागत नाही.

आता मुद्द्यावर येतो.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नगरपालिकेच्या पाण्याच्या कामावर असलेला एकजण मला भेटला. म्हणाला, "साहेब, दहा-बारा दिवस झाले, फिल्टरवर तुरटी नाही आणि क्लोरीनचं मशीन बंद आहे. पाणी तसंच सोडतोय." मी जाऊन बघितलं. फोटो काढले. रजिस्टरच्या नोंदी बघितल्या. माल पुरवणाऱ्याला फोन केला, त्याने उडवून लावलं. बातमी पक्की होती. साडेचौदा वर्षांत इतकी पक्की बातमी माझ्या हातात पाच-सहा वेळाच आली असेल.

त्याच आठवड्यात दिवाळी अंकाची शेवटची पानं लागत होती. शेवटचं पान, पूर्ण पान, रंगीत, त्या कामाशी ज्यांचा संबंध आहे त्यांच्या घरातल्या माणसाचं होतं. निम्मे पैसे आगाऊ आले होते, निम्मे अंक निघाल्यावर येणार होते. ऑफसेटवाल्याची मागची बाकी होती आणि त्याने स्पष्ट सांगितलं होतं, आधी बाकी, मग प्लेट.

मी बातमी थांबवली. मनाला सांगितलं, दिवाळी होऊ दे. लोकांच्या सणात विघ्न कशाला? मग सांगितलं, अजून एक कागद मिळाला की बातमी भक्कम होईल. कागद मला लागत नव्हता, हे मला माहीत होतं. १६ ऑक्टोबरच्या अंकात ती बातमी यायला हवी होती. ती आली ६ नोव्हेंबरला. तीन आठवडे.

त्या तीन आठवड्यांत आमच्या घरात मी काय केलं? पाणी उकळून प्यायला सांगितलं. कारण विचारलं तर म्हटलं, सणासुदीचं पाणी गढूळ येतंय.

नोव्हेंबरच्या मध्याला आमच्या मागच्या गल्लीत काविळीचे पेशंट निघाले. एकाच घरातली दोन पोरं आणि एक आजी. पाण्यामुळेच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. बाहेरचं खाणं असतं, बोअरचं पाणी असतं, शंभर कारणं असतात. आता तिघंही बरे आहेत. पण त्या पोरांची आई वर्गणीदार आहे. ती दवाखान्यात भेटली तेव्हा म्हणाली, "भाऊ, तुमची बातमी वाचली म्हणून आम्ही आता उकळून पितोय. बरं झालं तुम्ही छापलं."

ती आभार मानत होती. मी "काळजी घ्या" म्हणालो आणि बाहेर आलो.

मंडळी, माझ्या घराला १६ ऑक्टोबरच्या आधीच माहीत होतं, तिच्या घराला ६ नोव्हेंबरला कळलं. वर्गणी तिने दिली होती. साप्ताहिक बंद करायचं ते मी त्या दवाखान्याच्या पायरीवर ठरवलं.

यावर माझे जवळचे मित्र काय म्हणाले ते सांगतो, कारण तुमच्यापैकी बरेचजण तेच म्हणणार आहेत. एकाने म्हटलं, "अरे, शेवटी छापलीस ना? बाकीच्यांनी तर छापलीच नाही." दुसरा म्हणाला, "एक चूक झाली म्हणून दुकान बंद करतात का? पुढे करू नकोस म्हणजे झालं." तिसरा जरा रागावला. म्हणाला, "तू बंद केलंस तर जे आहे तेही जाईल. अर्धी भाकरी उपाशी राहण्यापेक्षा बरी."

तिघांचंही म्हणणं मी नीट विचारात घेतलं. चूक झाली म्हणून बंद करत नाहीये. चुका सातशे अंकांत पुष्कळ झाल्या, नावं चुकली, एकदा तर जिवंत माणसाची निधन वार्ता गेली आणि तो स्वतः पेढे घेऊन आला. बंद करतोय ते दुसऱ्याच कारणासाठी. ही चूक पकडणारं कुणीच नव्हतं. दैनिकात निदान एखादा उपसंपादक असतो, तो विचारतो, ती पाण्याची बातमी कुठाय? माझ्याकडे बातमीदार मी, संपादक मी, जाहिरात आणणारा मी, उधारी वसूल करणारा मी. संपादकाने जाहिरातवाल्याला हटकायचं असतं. इथे दोघं एकाच ताटात जेवतात. मी बातमी दाबली हे मी सांगितल्याशिवाय जगात कुणाला कळलं नसतं. आणि हे पहिल्यांदाच झालं असं तरी मी छातीवर हात ठेवून कशावरून सांगू? मोठी बातमी होती म्हणून टोचली. लहान लहान किती टोचल्याच नसतील.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. एकट्या माणसाचं माध्यम हे काही काळापुरतं ठीक असतं. सुरुवात कुणीतरी एकट्यानेच करायची असते. पण दहा-बारा वर्षांनंतरही ते एकट्याचंच राहिलं तर ते गावासाठी बरं नाही, आणि त्या माणसासाठीही नाही. गाव त्याच्यावर विसंबतं आणि तो हळूहळू दमत, वाकत जातो. दमलेला माणूस कधी वाकला हे त्याला स्वतःलाही कळत नाही.

गेल्या मंगळवारी, ६ जानेवारीला, पत्रकार दिन झाला. माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि भाषणात सांगितलं गेलं की बाळशास्त्री जांभेकरांचा वारसा आपल्या तालुक्यात एका माणसाने एकट्याने चालवला. टाळ्या झाल्या. शेवटचा अंक काढायचं ठरवून मी त्या खुर्चीवर बसलो होतो, त्यामुळे शाल जरा जड वाटली.

बाळशास्त्रींचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला सुरू झालं हे आपण दरवर्षी सांगतो. ते १८४० मध्ये बंद झालं हे कुणी सांगत नाही. साडेआठ वर्षं चाललं. आणि त्याच वर्षी त्यांनी 'दिग्दर्शन' नावाचं मासिक सुरू केलं. म्हणजे ज्यांच्या नावाने आपण हा दिवस साजरा करतो त्यांनाही एक काम थांबवून दुसरं हाती घ्यावं लागलं होतं. बाबासाहेबांचं 'मूकनायक' १९२० चं, ते फार वर्षं चाललं नाही. 'बहिष्कृत भारत' १९२७ ला निघालं, १९२९ ला थांबलं. पैशाची ओढाताण होती आणि मजकुराचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना स्वतः लिहावे लागत. एवढा मोठा माणूस, त्यालाही एकट्याने वर्तमानपत्र चालवणं निभलं नाही. पण पुढे 'जनता' निघालं, मग 'प्रबुद्ध भारत'. पत्रं बंद पडली, काम चालू राहिलं, कारण मागे माणसं होती.

उलटं उदाहरणही आहे, ते दडवणार नाही. मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' १९१० ला सुरू केलं आणि ते १९६७ पर्यंत, त्यांच्या निधनापर्यंत चाललं. नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून! तेव्हा ना वीज, ना धड रस्ते. माझ्या टेबलासमोर मी वर्षानुवर्षं हेच उदाहरण ठेवून बसलो होतो. ते चाललं कारण मुकुंदरावांच्या पाठीशी सत्यशोधक चळवळ होती, गावोगावचे वाचक त्याला आपलं पत्र मानत होते. ते लिहायला एकटे असतील, पण उभे एकटे नव्हते. मी मुकुंदरावांची चिकाटी घ्यायला गेलो आणि त्यांच्यामागची माणसं विसरलो.

यात तुमचाही थोडा वाटा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. राग मानू नका. "भाऊ, तुम्ही एकटे लढताय" असं म्हणणारे मला साडेचौदा वर्षांत हजारो भेटले. "मी काय करू, सांगा" असं म्हणणारे दहा-बारा भेटले. त्यातल्या दोघी-तिघांनी खरंच काम केलं. एका मुलीने दोन वर्षं बातम्या लिहिल्या, उत्तम लिहायची, आज ती पुण्यात नोकरी करते, आणि मी तिला देत होतो त्याच्या आठपट पगार घेते. तिने जायलाच हवं होतं. पण बाकी गावाला एक एकटा माणूस लढताना बघायला आवडतं. त्यात सोय असते. तो लढतोय, म्हणजे आपण लढलो. तो छापतोय, म्हणजे आपल्याला पालिकेत जायची गरज नाही.

आता पेजबद्दल. हे पेज तुम्ही एकतीस हजार लोक फॉलो करता. पालिकेच्या निवडणुकीआधी, नोव्हेंबरमध्ये, एक गृहस्थ घरी आले. नाव सांगणार नाही. चहा झाला. म्हणाले, "तुम्ही थकलात, आम्हाला दिसतं. पेज आणि चॅनेल आमच्याकडे द्या. नाव तेच ठेवू, लोगो तोच. तुमचंही नाव राहू द्या संपादक म्हणून. महिन्याला काहीतरी देत जाऊ." आकडाही सांगितला. मुलीच्या इंजिनियरिंगच्या दोन वर्षांची फी निघाली असती.

खोटं बोलत नाही, मी विचारायला वेळ मागितला. रात्री झोप आली नाही. मग लक्षात आलं की ते विकत काय घेतायत. कॅमेरा जुना आहे, कॉम्प्युटर त्याहून जुना. त्यांना हवे आहात तुम्ही. एकतीस हजार लोक, ज्यांना वाटतं की हा माणूस खोटं सांगणार नाही. उद्या त्याच नावाने, त्याच लोगोखाली काहीही आलं असतं आणि पहिले सहा महिने तुम्ही विश्वास ठेवला असता. निवडणुकीला सहा महिने लागतच नाहीत, सहा दिवस पुरतात.

आज आपल्या आजूबाजूला अशी किती पेजं, किती ग्रुप मालक बदलून चालू असतील याचा विचार करा. वर्तमानपत्र विकलं गेलं तर निदान शेवटच्या पानावर प्रकाशकाचं नाव बदलतं. प्रेस कायदा १८६७ चा होता, तो जाऊन २०२३ चा नवा आला, १ मार्च २०२४ पासून लागू झाला. जुना असो की नवा, छापील अंकाला मालक-प्रकाशक कोण हे सांगावंच लागतं. बंद केल्याचंही मी रीतसर कळवणार आहे. पेजच्या मागे बसणारा माणूस बदलला तर तुम्हाला कोण सांगणार? म्हणून पेज विकत नाही, कुणाला चालवायलाही देत नाही. बंद करतोय. ३१ मार्चनंतर या नावाने काहीही दिसलं तर ते माझं नाही, हे आजच लिहून ठेवा.

"मग आता गावात काय चाललंय ते सांगणार कोण?" हा प्रश्न खरा आहे आणि मला त्याचीच काळजी आहे.

जरा मागे वळून बघा. आपल्या पालिकेची मुदत डिसेंबर २०२१ मध्ये संपली. राज्यात अनेक ठिकाणी हेच झालं. निवडणुका लांबत गेल्या, शेवटी सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये सांगितलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झालं. मधली चार वर्षं प्रशासक. ना नगरसेवक, ना सर्वसाधारण सभा, ना कुणी उठून प्रश्न विचारणारा. ठराव एका केबिनमध्ये व्हायचे आणि सही झाल्यावर आपल्याला कळायचे. त्या चार वर्षांत बातमी मिळवायची म्हणजे माहितीचा अधिकार एवढाच रस्ता होता. मी किती अर्ज टाकले त्याच्या पावत्यांची फाईल घरात आहे.

आता नवं सभागृह बसलंय. पहिल्यांदाच निवडून आलेली पोरं-पोरी आहेत त्यात. अशा वेळी नेमका मी बंद करतोय, हे कुणाला पळपुटेपणा वाटेल. मला वाटतं हीच वेळ बरी आहे. प्रशासकाच्या काळात दार बंद होतं म्हणून कुणीतरी एकाने भिंतीला कान लावून बसावं लागत होतं. आता दार उघडलंय. सभा बघायला नागरिकांना जाता येतं. प्रेक्षकांत बसायला पत्रकाराचं कार्ड लागत नाही. साडेचौदा वर्षं मी तिथे बसलो, शेजारी गावातला साधा माणूस बसलेला मी दोनदा पाहिला, आणि त्यातला एकजण चुकून आला होता, त्याला जन्मदाखला हवा होता.

म्हणून माझी मागणी अशी आहे. मला हार नको, निरोप समारंभ नको. पाच माणसं हवीत. प्रत्येकाने एकच काम घ्यायचं.

एकाने पालिकेच्या सभेला जाऊन बसायचं आणि काय ठराव झाले ते वहीत लिहायचं. एकाने महिन्यातून दोनदा फिल्टरवर जाऊन तुरटी आणि क्लोरीनची नोंद बघायची. एकाने ग्रामीण रुग्णालयात कुठलं औषध नाही, कुठला डॉक्टर आठवड्यात किती दिवस असतो ते पाहायचं. एकाने बाजार समितीतला भाव आणि वजनाचा काटा. आणि एकाने फक्त नोटिसा वाचायच्या. टेंडर, हरकती, कर आकारणी, रस्तारुंदी. या गावाचं जे नुकसान झालंय त्यातलं निम्मं न वाचलेल्या नोटिशींमुळे झालंय. चतुर्थवार्षिक कर आकारणीची यादी मागच्या वेळी लागली तेव्हा हरकतीची मुदत संपल्यावर माझ्या घरी लोकांची रांग लागली होती. मी छापलं होतं, दुसऱ्या पानावर, खाली. चूक माझीही होती, ते पहिल्या पानावर हवं होतं.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. जोडपत्र 'अ' चा नमुना, त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, आणि तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन. २००५ चा कायदा आहे. कलम ४ प्रमाणे तर बरीच माहिती कुणी न मागता कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायची असते. अर्जात प्रश्न कसा लिहायचा हे मी शिकवतो. "का" विचारायचं नाही, "प्रत द्या" म्हणायचं. एवढं कळलं की अर्धं काम झालं.

पाचजणांमध्ये एक गोष्ट आपोआप होईल जी माझ्या एकट्यात झाली नाही. एकाने गप्प बसायचं ठरवलं तर दुसरा विचारेल, ती पाण्याची नोंद कुठाय? मला कुणीतरी १६ ऑक्टोबरला हे विचारायला हवं होतं.

पुढे त्या पाचांना वाटलं की याचं एखादं पत्रक काढावं, छापावं, वाचनालयाच्या फळ्यावर लावावं, तर मी सहावा म्हणून यायला तयार आहे. प्रुफं तपासीन, पानं लावून देईन, पैसे घेणार नाही. संपादक मात्र होणार नाही.

तुम्ही विचाराल, पोटापाण्याचं काय? फेब्रुवारीपासून जिल्ह्याला एका छापखान्यात डीटीपीचं काम धरलंय. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, पतसंस्थांचे ताळेबंद. पगार वेळेवर मिळेल असं म्हणालेत. ४८ व्या वर्षी पहिल्यांदा महिन्याच्या एक तारखेची वाट बघायची, याचीही एक मजा आहे.

आता व्यवहाराचं.

ज्यांची वर्गणी फेब्रुवारीनंतरची शिल्लक आहे त्यांची यादी सौ. ने केलीय. एकूण दोनशे अकरा नावं आहेत. फेब्रुवारीचे चार मंगळवार, बाजाराच्या दिवशी, सकाळी दहा ते एक मी जुन्या ऑफिसात बसेन. येऊन पैसे घेऊन जा. ज्यांना जमणार नाही त्यांच्या घरी येईन. "राहू द्या हो" म्हणू नका, घ्याच.

२०११ पासूनच्या सगळ्या अंकांच्या बांधीव फायली सार्वजनिक वाचनालयाला देतोय. २०१५ च्या पावसाळ्यातले सहा अंक पाण्याने गेले, ते कुणाकडे असतील तर वाचनालयात नेऊन द्या. माहिती अधिकाराच्या पावत्या आणि आलेली उत्तरंही तिथेच ठेवतोय. कुणीही बघावीत.

शेवटच्या अंकात जाहिरात नाही. चार पानं. पहिल्या पानावर ती पाण्याची बातमी आणि ती तीन आठवडे का थांबली त्याचा खुलासा, तारखांसकट. इथे लिहिलं ते तिथेही छापतोय, कारण आमच्या बऱ्याच वर्गणीदारांकडे साधा फोन आहे आणि ते हे वाचणार नाहीत. त्या गल्लीतल्या बाईंच्या घरी अंक मी स्वतः नेऊन देणार आहे. त्या काय म्हणतील ते माहीत नाही. जे म्हणतील ते ऐकून घ्यायचंय.

पाचजणांसाठी पहिली बैठक रविवार, १ फेब्रुवारीला सकाळी साडेदहाला वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. चहाचं माझ्याकडे. एक आला तरी बैठक होईल, पण कृपा करून एकच येऊ नका.

आणि ५ फेब्रुवारीला, गुरुवारी, पोस्टमनला अंक विचारू नका. त्याची काही चूक नाही.

आपला,
(आता फक्त वाचक)